कॅम्पिंग ट्रेलरच्या बॅटरीला घडीचं सोलर पॅनेल थेट जोडलं तर चालेल का?

थेट नको, मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बाकी तुमच्याकडे आहे ते सगळं साधं आहे: १०० वॅटचं घडीचं पॅनेल, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर काळ्या खोक्यात बसलेली एक लेड-ॲसिड बॅटरी, आणि अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात वीज नसलेल्या कॅम्पसाइटवर चार रात्री. एका दुपारचं काम आहे.

पॅनेल १२ व्होल्टचं म्हणून विकलं असलं तरी मागचं लेबल वाचा. भर उन्हात ते साधारण १८ व्होल्टवर काम करतं, आणि काहीच जोडलेलं नसताना २२ च्या आसपास दाखवतं. बॅटरी उतरलेली असेल तोवर ती येईल तेवढा करंट घेते. भरल्यावर मात्र पॅनेलला थांबा म्हणणारं कोणी नसतं. व्होल्टेज १५ च्या वर चढतं, आत बुडबुडे सुरू होतात, हायड्रोजन सुटतो, पाणी आटतं. भारतात घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कंट्रोलर व्होल्टेज १४.४ च्या आसपास रोखून धरतो आणि बॅटरी भरली की १३.६ च्या जवळ उतरवतो. एवढ्याशा पॅनेलला पीडब्ल्यूएम प्रकारचा स्वस्त कंट्रोलर पुरतो. पुढे पॅनेल वाढवायचा विचार असेल तरच एमपीपीटीचे, म्हणजे पॅनेलमधून जास्त वीज काढणाऱ्या महाग प्रकाराचे पैसे घाला. फक्त त्यावर बॅटरीचा प्रकार लेड-ॲसिड निवडलाय ना, ते बघा.

आता कंट्रोलर कुठे बसवायचा, कारण बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. घडीच्या बऱ्याच पॅनेलला तो पाठीवरच चिकटवून येतो. दिसायला सोयीचं, पण तिथून बॅटरीपर्यंतची वायर लांब आणि बारीक असते. १४ गेजची वायर २० फूट टाकली, तर जाऊन-येऊन ४० फूट होते आणि साडेपाच अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्तच त्यात हरवतं. कंट्रोलर आपल्या टोकाला १४.४ मोजतो, बॅटरीला मिळतात १३.९ च्या आसपास. बॅटरी भरत आली असं समजून तो हात आखडता घेतो आणि चार्जिंग रेंगाळतं. तोच कंट्रोलर बॅटरीपासून दोन-तीन फुटांवर आणला तर लांब वायर पॅनेलच्या बाजूला जाते, आणि तिथे १८ व्होल्टपैकी अर्धा गेला तरी बिघडत नाही. पाठीवरचा काढणं जमण्यासारखं नसेल तर निदान १० गेजची, म्हणजे जास्त जाड वायर घ्या. बॅटरीच्या बंद खोक्यात मात्र कंट्रोलर ठेवू नका, तिथे गॅस साठतो. शेजारच्या सामानाच्या कप्प्यात आतल्या भिंतीवर तो छान बसतो.

सगळे पॅनेलला घाबरतात, आणि धोका असतो बॅटरीकडून. पॅनेलच्या दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्या तरी सहा अँपिअरच्या आसपासच वाहतात. बॅटरीच्या चिकटल्या तर शेकडो, आणि वायर लाल व्हायला काही सेकंद पुरतात. म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवाच हवा. कंट्रोलरच्या जवळ लावलेला फ्यूज तिथपर्यंतच्या वायरला वाचवत नाही.

जोडण्याआधी झाकण उघडून रंग नीट बघा. आपल्या डोक्यात लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस एवढं पक्कं बसलेलं असतं की हात आपोआप तसाच जातो. अमेरिकन ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये मात्र सहसा काळी प्लस असते आणि पांढरी मायनस. तुमच्या नव्या कंट्रोलरची काळी वायर मायनस असणार आणि ट्रेलरची काळी प्लस, दोन्ही एकाच टर्मिनलपाशी लोंबत असणार. रंग विसरा, बॅटरीवर कोरलेली + आणि − ची खूण बघा, मल्टिमीटरने खात्री करा, मग नट आवळा. उलटं जोडलं तर ट्रेलरच्या फ्यूज पॅनेलमधले उलट जोडणीसाठीचे फ्यूज उडतात. तेवढ्यावर निभावलं तर नशीब समजायचं.

क्रम असा: फ्यूज काढून ठेवा, गोल लग लावून दोन्ही वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला, मग कंट्रोलरला, मग फ्यूज बसवा. कंट्रोलरला बॅटरी दिसली, आकडे उमटले की सगळ्यात शेवटी पॅनेल. काढताना आधी पॅनेल. थेट टर्मिनलला जोडण्याचा फायदा असा की ट्रेलरचा बॅटरी स्विच बंद ठेवला तरी चार्जिंग चालू राहतं.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या ७-पिन प्लगमधून सोलरची वीज देता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. त्यातली काळी वायर बॅटरीलाच जाते, त्यामुळे चार्ज होईल, पण रात्रंदिवस दवात लटकणाऱ्या प्लगवर मी विसंबणार नाही. ट्रेलरच्या बाजूला सोलरचा तयार पोर्ट असेल तर तो वापरा, फक्त दोन गोष्टी तपासून. एक, तो बहुतेकदा सरळ बॅटरीला जातो, आत कंट्रोलर नसतो. म्हणजे कंट्रोलर पॅनेलकडे लागणार, आणि तिथे वर सांगितलेली जाड वायर आली. दोन, काही पोर्टची प्लस-मायनस उलटी असते. पॅनेल न लावता पोर्टमध्ये मल्टिमीटर घाला, बॅटरीचे १२ पूर्णांक काहीतरी दिसतील. लाल टोक कुठल्या पिनवर असताना आकडा उणे येत नाही, ती पिन प्लस. पॅनेलचा प्लग तिच्याशी जुळत नसेल तर ध्रुव उलटवणारा छोटा अडॅप्टर मिळतो.

योसेमिटीबद्दल एक सांगतो. खोऱ्यातल्या साइट उंच झाडांखाली आहेत. छपरावरच्या पॅनेलपेक्षा घडीचं तिथे बरं, उन्हामागे फिरवता येतं. पण एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी अख्ख्या पॅनेलची पार रया जाते. मोकळ्या उन्हाळी आकाशाखाली १०० वॅटकडून दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास धरा, झाडांत निम्मेच. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले वापरायचे ४०, कारण लेड-ॲसिड निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. दिवे एलईडी असतील तर किरकोळ, फ्रिज गॅसवर चालवा. खरा खादाड म्हणजे हीटरचा पंखा, ७ ते ८ अँपिअरचा. रात्रीच्या दहा तासांपैकी एक तृतीयांश वेळ चालला तरी २५ च्या आसपास गेले. थर्मोस्टॅट खाली आणा आणि जाड रजया न्या.

सकाळी पॅनेलवर ऊन यायच्या आत, हीटर बंद करून थोड्या वेळाने टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली असेल तर त्या दिवशी पॅनेल हलवत बसण्यापेक्षा शेजाऱ्याचा जनरेटर मागा. फक्त तो चालवायच्या तिथे ठरलेल्या वेळा आहेत, त्या साइटवर पोचल्यावर बघून घ्या.