दादाचं काळीज, पोलादाचं अंग

प्रश्न : काका, नमस्कार. मी सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करतो. खोलीवरच्या दोन मित्रांबरोबर जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके यांचा ‘फुल मेटल याकुझा’ पाहिला. ते दोघं अर्ध्यातून उठून गेले. मी शेवटपर्यंत बसलो, खूप हसलो आणि नंतर हसल्याची लाज वाटली. सिनेमा भंगार आहे, की माझंच काही चुकतंय?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही. लाज वाटली म्हणजे सिनेमा तुमच्यापर्यंत पोचला.

याकुझा म्हणजे जपानी गुंडांची टोळी. तिच्यात धाकटा थोरल्याला ‘अनिकी’ म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. आपला ‘दादा’ अगदी तसाच, घरातलाही आणि गल्लीतलाही. त्यामुळे हागाने आणि तोसा यांचं नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हागाने टोळीतला सगळ्यांत खालचा, भित्रा, धांदरट पोरगा. तोसा त्याचा दादा. दादा तुरुंगातून सुटतो, हा घ्यायला जातो आणि दोघांनाही गोळ्या घातल्या जातात. मग हिरागा नावाचा विक्षिप्त शास्त्रज्ञ दोघांतून एक माणूस जोडतो. डोकं हागानेचं, काळीज आणि गोंदलेली पाठ तोसाची, बाकी अंग पोलादाचं. १९८७ च्या ‘रोबोकॉप’ची ही उघड नक्कल आहे, पण तिथे पोलीस पोलादी होतो, इथे टोळीतला हरकाम्या. गंमत म्हणजे जपानीत ‘हागाने’ म्हणजेच पोलाद. तुम्ही रोज ज्याचं टर्निंग करता तेच.

आता लाजेचं. सुरुवातीला टोळीतले लोक हागानेला हसतात आणि आपणही त्यांच्यात सामील होतो. पुढे त्याला दादाचं काळीज मिळतं, तरी भित्रेपणा तसाच राहतो. दादाचा सूड, दादाचं प्रेम, सगळं त्याच्या गळ्यात पडतं. आपण कुणाला हसत होतो, हे तेव्हा कळतं.

तोसाच्या प्रेयसीवरचा अत्याचार मात्र मला पहिल्यांदाही बघवला नाही, आजही बघवत नाही. त्या प्रसंगाची बाजू मी घेणार नाही. मित्र तिथे उठले असतील, तर त्यांना चिडवू नका.

असा सिनेमा बनतोच कसा, हे मला माझ्या धंद्यामुळे समजलं. १९८६ पासून बारा वर्षं रविवार कारंजाजवळ माझी व्हिडिओ लायब्ररी होती. शनिवारी लोक व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन-चार कॅसेट रात्रभरासाठी घेऊन जायचे. दोन ओळखीच्या आणि एक ‘काहीतरी वेगळी द्या’ म्हणून. त्या वेगळ्या कॅसेटवर माझं फार प्रेम होतं. ती नाही आवडली तरी गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी यायचंच. जपानमध्ये तोएई कंपनीने १९८९ मध्ये ‘व्ही-सिनेमा’ सुरू केला. चित्रपट थिएटरला न लावता थेट कॅसेटच्या दुकानात. थिएटर भरायची चिंता नाही. गोळीबार, मारामारी, थोडी नग्नता एवढं दिलं की उरलेल्या वेळात दिग्दर्शकाने काय करावं, याला फारसं कुणी अडवत नसे. मिइके याच बाजारात घडले. १९९१ पासून ते कॅसेटसाठी चित्रपट करत होते आणि १९९७ चा हा चित्रपटही कॅसेटसाठीच केलेला. विज्ञानकथा, रक्तपात आणि चावट विनोद एकाच पातेल्यात शिजवायची मोकळीक त्यांना तिथे मिळाली.

पुढे काय पाहायचं? किंजी फुकासाकू यांचा १९७३ चा ‘बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी’ नक्की पाहा. युद्धानंतरच्या हिरोशिमा भागातल्या टोळ्या, आणि दादालोकांच्या इमानाच्या गप्पा किती पोकळ असतात ते त्यात दिसतं. तो पाहिल्यावर हागानेची निष्ठा आणखी एकाकी वाटेल.

त्याआधी मात्र शिन्या त्सुकामोतो यांचा १९८९ चा ‘तेत्सुओ’ पाहा. त्यात एका साध्या नोकरदाराचं शरीर हळूहळू लोखंडाचं होत जातं. ती भूमिका करणारे तोमोरोवो तागुची म्हणजेच तुम्ही पाहिलेला हिरागा. तिथे स्वतः लोखंडी झालेला माणूस इथे दुसऱ्याला लोखंडी करतोय! ‘तेत्सुओ’ सव्वा तासाहून कमी आहे, सेकंड शिफ्ट करून आल्यावरही पाहून होईल.