ओटीपी दिलाच नाही, तरी पैसे गेले

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका, कर्वेनगरला राहते. गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला : ‘पाइपगॅसचं बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन बंद होईल.’ सोबतची फाइल उघडली, ती विचारेल तिथे ‘अलाउ’ दाबत गेले आणि बारा रुपये भरायला डेबिट कार्डाचे आकडे टाकले. सात वाजता ४९,००० गेले, पाठोपाठ ४८,५००. आठ वाजून दहा मिनिटांनी बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं, तरी सव्वानऊला आणखी ३८,००० गेलेच! सोमवारी शाखेत साहेब म्हणाले, ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार.’ मी कोणालाही ओटीपी दिलेला नाही. पोलिसांत गेले नाही, कारण सूनबाईला कळेल. पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं प्रकरण नव्हतं, म्हणून पत्र मिळालं त्याच दुपारी तुम्हाला फोन करून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावायला सांगितलं. बरं झालं, लावलात. चोराच्या खात्यात पैसे मुक्कामाला नसतात. पुढच्या खात्यात आणि तिथून एटीएममधून रोख. १९३०वर तक्रार गेली की वाटेत सापडेल तेवढी रक्कम गोठवता येते. तुमचे चार दिवस गेलेत, तेव्हा तिथून फार आशा धरू नका.

ओटीपीबद्दल तुम्ही खरं बोलताय आणि साहेबांच्या नोंदीतही ओटीपी वापरलेला दिसतोय. ती फाइल म्हणजे बिल नव्हतं, एपीके होतं, म्हणजे अख्खं ॲप. ‘अलाउ’ दाबून तुम्ही त्याला एसएमएस वाचायची मुभा दिलीत. ओटीपी तुमच्या फोनवर आला आणि तुम्ही चष्मा शोधेपर्यंत तिकडे पोचलाही.

आता बँकेचं. जुलै २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमानुसार चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. ‘दिला असणार’ हा पुरावा नव्हे. तरी स्पष्ट सांगतो, पहिल्या दोन रकमांवर बँक भांडेल. कार्डाचे आकडे तुम्ही टाकलेत, आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाच्या माथी. ३८,०००ची गोष्ट वेगळी. कळवल्यानंतर जे गेलं ते बँकेचं नुकसान, त्यात निष्काळजीपणाचा प्रश्नच येत नाही. म्हणून ८:१०च्या कॉलचा स्क्रीनशॉट हा तुमचा सगळ्यात मोठा दागिना, जपून ठेवा. अर्जात ही रक्कम वेगळी मांडा आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या, तोंडी काही नको. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

फोन मात्र अजून तोच वापरताय, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. फोटो दुसरीकडे उतरवा आणि फोन रीसेट करून घ्या. नवं कार्ड येईल, पण एसएमएस वाचणारं ॲप फोनमध्येच असेल तर त्या कार्डाचा ओटीपीही तिकडेच जाणार.

राहिल्या सूनबाई. दोन वर्षांपूर्वी ‘रात्री साडेनऊला वीज तोडणार’ या निरोपाने माझे ११,७०० गेले. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी! दोन दिवस घरात चकार शब्द काढला नाही. हिनेच पासबुक छापून आणलं आणि चहा ओतता ओतता विचारलं, ‘हे काय?’ त्या दोन दिवसांत माझ्याही पैशांची वाट लागली होती. तेव्हा आज संध्याकाळी सूनबाईंना शेजारी बसवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर तिन्ही व्यवहारांचे क्रमांक टाइप करायचे आहेत. ते लांबलचक असतात, आणि एक आकडा चुकला की तक्रार भलत्याच व्यवहाराची होते. एकीने वाचावं, दुसरीने टाइप करावं.