चीगोंगमध्ये मन किती लावायचं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चीगोंग या शरीर, श्वास आणि मन जुळवण्याच्या चिनी साधनेत उभं राहून लक्ष बेंबीखाली धरलं की थोड्या वेळात कपाळ जड होतं आणि तळहातांना मुंग्या येतात, तर ऊर्जा वर चढते आहे का, असं तू विचारलं आहेस. मला तसं वाटत नाही. तू मन गरजेपेक्षा जास्त जोरानं लावतो आहेस. यात नवल काही नाही. शाळेपासून आपल्याला 'लक्ष दे' म्हटलं की कपाळाला आठ्या घालायची आणि जबडा आवळायची सवय लागलेली असते.

उद्या उभा राहशील तेव्हा लक्ष खाली न्यायच्या आधी जीभ, जबडा, भुवयांमधली जागा आणि श्वास एकदा चाचपून बघ. लक्ष नेल्यावर पुन्हा बघ. भुवया जवळ आल्या असतील किंवा श्वास अडला असेल, तर तू मिटल्या डोळ्यांनी पोटाकडे टक लावून बघतो आहेस, असं समज. दानतियान, म्हणजे ओटीपोटातलं लक्ष ठेवायचं ठिकाण, ही बघायची जागा नाही. बेंबीखाली तीन-चार बोटं आणि तिथून आत, एवढा पत्ता पुरे. नेमका बिंदू शोधत बसलास तर सगळा वेळ शोधण्यातच जाईल. श्वासागणिक ओटीपोट किंचित फुगतं आणि बसतं, तेवढं जाणवलं की झालं.

शरीर जुळवणं, श्वास जुळवणं आणि मन जुळवणं, असे चीगोंगचे तीन भाग तू वाचले असशील. हा विचार फार जुना आहे. सहाव्या शतकात चीनमधल्या तिआनताय या बौद्ध पंथाचे आचार्य झियी यांनी ध्यानाला बसणाऱ्यांसाठी लिहिलं, तेव्हा जुळवायच्या गोष्टी पाच धरल्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे आहार आणि झोप. हल्ली त्या दोघींचं नाव फारसं कुणी घेत नाही. रात्री एक वाजता आडवा होऊन पहाटे साडेपाचला झान झुआंगला, म्हणजे स्थिर उभं राहण्याच्या साधनेला, उभा राहणाऱ्या तुझ्यासारख्याला मात्र त्याच आधी सांगायला हव्यात. झोप अपुरी असेल तर मन एक तर पेंगतं नाही तर चिडतं.

तुझा दुसरा गोंधळ इगतपुरीच्या शिबिरातून आला असावा. विपश्यनेत संवेदना जशी आहे तशी बघायची, तिच्यात आपलं काही मिसळायचं नाही, हे तुझ्या अंगवळणी पडलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण चीगोंगमध्ये मन नुसता साक्षीदार नसतं, त्याला थोडं काम दिलेलं असतं. वांग श्यांगझाय (1885–1963) यांनी आपल्या यीछ्वान या युद्धकलेचा पाया उभं राहण्याच्या साधनेवर घातला. तिच्या नावातली 'यी' म्हणजे मनाचा रोख. छातीसमोर हात गोल धरून मोठा चेंडू कवेत घेतला आहे असं मानायचं. तो दबू द्यायचा नाही आणि सोडायचाही नाही. मग मनातल्या मनात तो जरासा आत घ्यायचा, जरासा बाहेर सारायचा, आणि हे करताना दंड आवळायचे नाहीत. करून बघ. खांदे आपोआप उतरतात, कोपरं टांगल्यासारखी राहतात, पाठ रुंद होते. 'खांदा खाली, कोपर बाहेर, मनगट सैल' अशा सुट्या सूचना देत राहिलं तर एक सुधारताना दुसरं बिघडतं. एकच चित्र दिलं तर सगळं अंग मिळून ते धरतं. चीगोंगमधलं मनाचं खरं कसब मला इथे दिसतं, आणि त्यासाठी ऊर्जेबद्दल काही मानावं लागत नाही.

मग जोर किती लावायचा? जुने शिक्षक सांगतात, लक्ष राखतो आहे आणि राखत नाही, असं असावं. त्याच्यामागे मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञाची गोष्ट आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली. सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला रोपं वाढत नाहीत याची काळजी लागली. त्यानं एकेक रोप धरून थोडं थोडं वर ओढलं. दमून घरी आला आणि म्हणाला, आज रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला, तर सगळी रोपं सुकलेली. गोष्ट सांगताना लोक बहुतेक इथेच थांबतात. मेन्सियस मात्र, काही उपयोग नाही म्हणून निंदणीच सोडून देणाऱ्यांनाही बोल लावतो. तू ओढणाऱ्यांपैकी आहेस. पण उद्या मी सांगतो म्हणून सगळं सैल सोडून स्वप्नरंजन करत उभा राहिलास, तर तो दुसरा प्रकार झाला.

मन भटकणारच. भटकल्याचं लक्षात आलं की तळपायांचा जमिनीला झालेला स्पर्श बघ, मग पोट. स्वतःला रागावू नकोस, रागावलास की भुवया पुन्हा जवळ येतात.

आता मुंग्यांचं. तळहाताकडे पाच मिनिटं निवांत लक्ष दिलं तर चीगोंगचं नावही न ऐकलेल्या माणसाला तिथे काहीतरी जाणवतंच. योहानेस शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरनं 1932 साली आपली एक पद्धत पुस्तकरूपानं मांडली. तिच्यात हात जड आहे, हात उबदार आहे, असं मनाशी शांतपणे म्हणायला शिकवतात. अंग सैलावलं की हातांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब येते. तेव्हा ऊब आली तर येऊ दे, तिची नोंद ठेवू नकोस. फक्त ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना झिणझिण्या येऊन गरगरत असेल, तर ती प्रगती नव्हे. श्वास फार ओढला गेला आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला, की असं होतं. खाली बस आणि श्वास त्याच्या चालीनं चालू दे.

लक्ष डोक्यात ठेवू नकोस. कपाळाच्या मध्यावर मन धरायला सांगणारे बरेच भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. रक्तदाब असलेल्यांना तर तळपायातल्या योंगछुआन बिंदूकडे लक्ष न्यायला शिकवतात. जोरानं, तासन्तास, एकट्यानं केलेल्या साधनेतून काहींचं मानसिक स्वास्थ्य ढासळल्याच्या नोंदी चीनमध्ये झाल्या. 1994 च्या अमेरिकी मनोविकार सूचीतही चीगोंगशी जोडलेल्या अशा प्रतिक्रियेची नोंद आहे. 1980 आणि 1990 च्या दशकांत चीनमध्ये चीगोंगची अशी लाट होती, की विश्वातून संदेश मिळावेत म्हणून डोक्यावर पातेली ठेवून बसलेल्या लोकांची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. हसू येतं, पण त्यातले बरेच जण आजाराला कंटाळून तिथवर गेलेले असणार. झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले किंवा अंग आपोआप हलायला लागून थांबेना, तर साधना त्याच दिवशी बंद कर आणि डॉक्टरकडे जा. मला विचारत बसू नकोस.

सध्या तुझ्यासाठी उभं राहणं कमी आणि बादुआनजिन हा चीगोंगचा हालचालींचा संच जास्त, असं ठरवू. आठ हालचाली आहेत, त्यांत मनाला टेकायला जागा मिळते. पहिले काही आठवडे फक्त हालचाल बरोबर होते ना, इकडे लक्ष. मग हालचाल आणि श्वास. दानतियान त्यानंतर. धनुष्य ओढण्याच्या हालचालीत नजर हाताबरोबर जाते, तिला जाऊ दे, मन तिच्यामागून येईल. सातवी हालचाल मला विशेष आवडते. मूठ वळून पुढे न्यायची आणि डोळे वटारायचे. डोळ्यांत राग आणायचा, पण मन त्यात ओढलं जाऊ द्यायचं नाही. तुझ्यासारख्या ओढून धरणाऱ्याला याहून चांगला धडा मला सुचत नाही. शेवटच्या हालचालीत सात वेळा टाचा उचलून खाली सोडायच्या. हादरा वर कुठवर पोचतो ते बघ. पोटरी आवळलेली असेल तर तो गुडघ्याच्या वर जातच नाही.

साधना संपली की लगेच मोबाइल उचलू नकोस. हात पोटावर ठेवून थोडा थांब, तळवे चोळून चेहऱ्यावर फिरव, घरातल्या घरात चार पावलं चाल.

तुझा,
एक जुना साधक

ता. क. तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. हालचाली व्यवस्थित आहेत, पण पांढरा प्रकाश डोक्यातून शिरतो वगैरे निवेदन सारखं चालू आहे. आवाज बंद करून बघ.