चापडगावचा तो पक्षी ग्रीन की वुड?

प्रश्न: नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने गेलो होतो. पाटाच्या कडेला एकटाच एक तपकिरी छोटा पक्षी चिखलात टोचत होता, मधेच शेपूट वरखाली करायचा. फोटो ग्रुपवर टाकला तर निम्मे म्हणतात ग्रीन सँडपायपर, निम्मे म्हणतात वुड सँडपायपर, दोन्ही चिखलात टोचणारे छोटे पाणपक्षी. पाय हिरवट-पिवळे दिसतायत. नक्की कोणता?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: पहिलं म्हणजे पायांच्या रंगाच्या नादाला लागू नका. वुडचे पाय पिवळसर आणि लांब, ग्रीनचे हिरवट आणि जरा आखूड हे खरंय, पण गुडघाभर चिखल लागल्यावर आणि सकाळचं ऊन तिरकं पडल्यावर काय रंग ओळखणार, डोंबल!

फोटो झूम करा आणि भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट पट्टी बघा. वुडची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत सरळ जाते, ग्रीनची डोळ्यापाशीच संपते, पण डोळ्याभोवती पांढरी रिंग मात्र उठून दिसते. मग पाठ. वुडच्या पाठीवर खडीकाम केल्यासारखे मोठे फिकट ठिपके असतात, ग्रीनची पाठ जवळजवळ काळपट, ठिपके एकदम बारीक, आणि छातीचा गडद रंग पांढऱ्या पोटापाशी कापल्यासारखा थांबतो.

तरी खात्री नसेल तर तो उडेपर्यंत थांबा, पण दगडबिगड मारून उडवू नका हां, असे महाभाग बघितलेत! पांढरा पार्श्वभाग दोघांनाही असतो त्यामुळे तेवढ्यावरून ठरवू नका, पंखाची खालची बाजू बघायची, ग्रीनची काळी आणि वुडची फिकट. वुडचे पाय शेपटीच्या बाहेर येतात. आवाजही वेगळा, वुड चिफ-इफ-इफ असं घाईघाईत ओरडतो, ग्रीन खणखणीत ट्लुईट-वीट-वीट.

शेपूट हलवणारा म्हटलंत म्हणून कॉमन सँडपायपरचंही सांगतो, कारण सारखं बूड नाचवणं ही मुळात त्याची खोड. बसलेला असताना पंख आणि छातीच्या मधे पांढरी पट्टी वर घुसलेली दिसली की तो कॉमन, आणि उडताना त्याचा पार्श्वभाग तपकिरीच राहतो, पंखावर पांढरी रेघ दिसते.

तुमच्या फोटोत भुवई डोळ्यापाशी थांबलीय, पाठ गडद आहे आणि स्वारी एकटीच पाटाच्या कडेला, म्हणजे ग्रीन. वुड बहुतेकदा उघड्या चिखलात चारचौघांत दिसतो. ग्रीनचं अजून एक विशेष, उत्तरेकडे वीण करताना हा चिखलातला पक्षी झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो, हे तुमच्या ग्रुपवर टाका, निदान तेवढ्यावरून तरी भांडण होणार नाही.