कुंपणावर आपोआप उगवलेला, हिरवे फुगे लागणारा हा वेल कोणता? त्याचं बी कसं धरायचं?

तुम्ही लिहिलंय की नाशकात इंदिरानगरच्या घरी कुंपणाच्या जाळीवर पावसाळ्यात आपोआप एक वेल चढला. पानं चिरलेली, फुलं पांढरी नि अगदी बारीक, आणि आता पोकळ हिरवे फुगे लागलेत. शेजारच्या काकू रानकारलं म्हणतात, मोबाइलमधलं ॲप दर फोटोला वेगळं नाव सांगतं. वर्णनावरून ही कपाळफोडी आहे. कोणी कानफुटीही म्हणतात. शास्त्रीय नाव कार्डिओस्पर्मम हॅलिकॅकॅबम, स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दिलेलं. रिठा आणि लिची ज्या कुळातले, त्याच कुळातली ही.

पण नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका, वेलापाशी उभं राहून बघा. कारल्याचं पान कितीही चिरलेलं असलं तरी ते एकच सलग पान असतं. कपाळफोडीचं पान आधी तीन भागांत आणि मग प्रत्येक भाग पुन्हा तीन पानुल्यांत विभागलेला असतो. त्याहून पक्की खूण ताण्यांची, म्हणजे वेल ज्यांनी आधाराला धरून चढतो त्या वळणाऱ्या तंतूंची. कारल्याचा ताणा पानाच्या देठाशेजारी, खोडातूनच फुटतो. इथे लांब बारीक दांड्यावर फुलांचा झुबका असतो आणि त्याच्या अगदी खाली दोन ताणे समोरासमोर वळलेले दिसतात. एवढं दिसलं की रानकारल्याचा प्रश्न मिटला.

दुसरी गफलत चिरबोटीशी होते, कारण तिलाही कागदी फुगा येतो. पण चिरबोटी वेल नाही, वांगी-टोमॅटोच्या कुळातलं झुडूप आहे, आणि तिच्या फुग्यात एक रसाळ गोल फळ असतं.

आता एक फुगा नखाने हलकेच फाडा. आत तीन कप्पे, प्रत्येकात एकच बी, मधल्या पडद्याला चिकटलेलं. कोवळं असताना ते हिरवं असतं, पिकलं की काळं कुळकुळीत, मिरीएवढं. पडद्यापासून सोडवलंत की जिथे ते चिकटलेलं होतं तिथे पांढरा डाग दिसेल, थेट पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा. हा डाग दिसला की मग शंका उरत नाही.

म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगते, अनोळखी वेल पानं बघून उपटू नका आणि पानं बघून त्याचं नावही पक्कं करू नका. त्याला फळापर्यंत जाऊ द्या. ओळख आणि बी, दोन्ही त्या फळातच मिळतात. ॲपलाही नुसतं पान दाखवून उपयोग नाही. फूल, ताणे आणि उघडलेलं फळ असे वेगवेगळे फोटो द्या. तरीही खात्री पटली नाही तर पान, फूल आणि फळ तिन्ही असलेली एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा आणि कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यातच आहे.

बी धरायचं तर घाई करू नका. फुगा हिरवा असताना तोडला तर आतलं बी कच्चं राहतं आणि डब्यात बुरशी धरते. फुगा वेलावरच गवताच्या रंगाचा, कुरकुरीत झाला पाहिजे. नाशकात परतीचा पाऊस ऐन ऑक्टोबरात गाठतो, तेव्हा वाळत आलेले फुगे पाऊस येण्याआधीच काढून घ्या. एरवी दव वाळल्यावर, दुपारी काढा. आठवडाभर सावलीत पसरा, हाताने चुरा आणि सुपात पाखडा. टरफल उडून जातं, बी खाली राहतं. सुरकुतलेलं, तपकिरी बी बाजूला काढा. उरलेलं कागदी पुडीत घालून झाकणाच्या बरणीत ठेवा. पुडीवर नाव, महिना आणि जागा लिहाच. पुढच्या जूनपर्यंत सगळ्या पुड्या सारख्याच दिसायला लागतात.

बियांचं कवच टणक असतं. पेरण्याआधी पांढऱ्या डागाच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल लावा. दोन-तीन आठवडे वाट बघायची तयारी ठेवा.

तमिळनाडूत हिची पानं वाटून डोशाच्या पिठात घालतात आणि सांधेदुखीवर तिचा पारंपरिक वापर आहे. पण बदामाचा डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत एकही पान तोंडात घालू नका, आणि औषध म्हणून घ्यायची असेल तर वैद्यांना विचारूनच.

एका बाबतीत मात्र सावध राहा. हे फुगे वाऱ्याने उडतात, पाण्यावर तरंगत जातात, आणि शेतात हा वेल तणच मानला जातो. तुमच्या भागातून नासर्डी वाहते. वाळलेले फुगे नाल्यात पडू देऊ नका. मखमलाबादकडे कोणाची द्राक्षबाग असेल तर त्यांना हौसेने बी देऊ नका. गच्चीवर कुंडीत काठी रोवून लावणार असतील त्यांना जरूर द्या.