पुस्तक कपाटात ठेवून दिलंय

"पुस्तक मी वर कपाटात ठेवून दिलंय," आईनं बसता बसताच सांगून टाकलं. नऊ वर्षांची लेक पंधरा दिवस धड झोपत नव्हती. रात्री अंथरुणात बसून कागदाचे करकोचे करायची, दिवा मालवला की रडायची. सगळं सुरू झालं ते सदाको सासाकीची गोष्ट वाचल्यापासून. आईचा प्रश्न माझ्याकडे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी आणतंच: खऱ्या माणसांच्या अशा गोष्टी इतक्या लहान वयात द्याव्यात तरी का? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गोष्ट थोडक्यात अशी. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सदाको दोन वर्षांची होती. ती वाचली, वाढली, शाळेत धावण्यात पटाईत झाली. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार करकोचे केले की मनातली इच्छा पुरी होते, अशी जपानमधली समजूत. रुग्णालयात ती औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा करकोचे करत राहिली. 25 ऑक्टोबर 1955 रोजी, बाराव्या वर्षी, ती गेली.

मुलगी आत आली आणि मी पहिल्याच वाक्यात चुकले. "अगं, फार जुनी गोष्ट आहे ती."

"तेव्हा आजी होती का?"

हिशेब केला तर होती, पाळण्यात.

मग मी समजावणं सोडलं आणि पुढच्या वेळी पुस्तक घेऊन ये म्हटलं. "कसली भीती वाटते?" असं विचारलं की मुलं खांदे उडवतात, "कुठल्या पानावर थांबलीस?" याचं उत्तर मात्र नेमकं देतात. तिनं एक नाही, दोन पुस्तकं आणली. दुसरं शाळेच्या वाचनालयातलं होतं.

"मावशी, यात सहाशे चव्वेचाळीस झाले आणि ती मेली. उरलेले मैत्रिणींनी केले. आणि त्यात लिहिलंय, हजार पुरे झाले होते." जरा थांबून म्हणाली, "मग तरी कशी मेली?"

गाठ इथे होती. तिच्या आजीला दोन महिन्यांपासून उपचारांसाठी रुग्णालयात न्यावं लागत होतं आणि घरात हिच्यासमोर कुणी आजाराचं नाव काढत नव्हतं. 644 हा आकडा खरा असेल तर वाट मोकळी होती: सदाको कमी पडली, मी कमी पडणार नाही. दुसऱ्या पुस्तकानं ती वाटच बंद केली.

खरं काय ते मी सांगितलं. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयानं दिलेल्या माहितीनुसार हजाराचा टप्पा तिनं गाठला होता, आणि पुढेही ती करतच राहिली. 644 हा एका गाजलेल्या बालकादंबरीतला आकडा. गोष्ट अधिक हळवी करण्याचा लेखकांचा मोह मला कळतो, पण खटकतो. मुलं आकड्यांवर विश्वास टाकतात आणि त्यावर नवस बांधतात. करकोच्यांनी आजार बरा होत नाही, तिचा आजार बॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे झालेला होता आणि त्या काळी त्यावर आजच्यासारखे उपचार नव्हते, हेही सांगितलं. आजीचं काय, ते आई सांगेल, म्हटलं.

"पण हजार झाल्यावर ती कशाला करत होती?"

"तू कशाला करतेस?"

"हाताला बरं वाटतं."

आईला दोन कामं दिली. आजीच्या आजाराचं नाव लेकीला सांगायचं, आणि पुस्तक खाली काढून तिच्यासोबत दिवसाउजेडी शेवटपर्यंत वाचायचं. ती मृत्यूच्या पानावरच अडकली होती. त्यानंतर सदाकोच्या वर्गमित्रांनी निधी गोळा करायला घेतला, जपानभरच्या मुलांनी पैसे पाठवले आणि 1958 मध्ये हिरोशिमाच्या बागेत मुलांचं शांतता स्मारक उभं राहिलं, तिथवर ती पोचलीच नव्हती. एवढं करूनही झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे विस्कटलेली राहिली तर पुन्हा या, असं सांगून ठेवलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. आजीचे उपचार चालूच आहेत. मुलगी आता आजीच्या खोलीत झोपते. मोजणी दोनशे बारावर थांबलीय, करकोचे चालू आहेत. आजीच्या करकोच्याची मान दर वेळी वाकडी येते आणि त्यावरून दोघींची रोज भांडणं होतात.