वाचकांचे प्रश्न : रॅम्प, पालकत्व आणि पाच टक्क्यांचा निधी

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय एका न्यासाच्या जुन्या इमारतीत आहे. ओटा जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच. देणगीतून आम्ही रॅम्प बांधला, त्याची लांबी २ मीटर ४० सेंटीमीटर आहे. तरी चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरताना भीती वाटते. तो पाडावा का? आणि खासगी न्यासाला दिव्यांगांसाठीच्या सोयींचा कायदा लागू होतो का?
(कार्यवाह, जिल्हा सातारा)

उत्तर : पाडाच. तुमचा उतार १ : ४ झाला आहे, म्हणजे दर ४ सेंटीमीटर लांबीला १ सेंटीमीटर चढ. एवढ्या चढावर खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना धरणाऱ्याच्या हातातून निसटते. उतार १ : १२ पेक्षा जास्त तीव्र नसावा. म्हणजे ६० सेंटीमीटर चढायला ७ मीटर २० सेंटीमीटर लांबी हवी.

एवढी सरळ जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत दुमडून घ्या. ३.६ मीटरचे दोन टप्पे शेजारीशेजारी, मधल्या वळणावर १.५ मीटर खोल सपाट कट्टा, खाली रॅम्प सुरू होतो तिथे आणि वर दारासमोर प्रत्येकी १.५ बाय १.५ मीटरची सपाट जागा. दोन्ही कठड्यांमधली मोकळी रुंदी १.२ मीटर. असा रॅम्प ६.६ मीटर लांब आणि साधारण तीन मीटर रुंद जागेत बसतो. तेवढीही नसेल तर पुढच्या दाराचा हट्ट सोडा आणि इमारतीच्या ज्या बाजूला जोते सर्वांत कमी उंच आहे तिथले दार सर्वांसाठी मुख्य दार करा. लोखंडी घडीचा रॅम्प एखाद्या पायरीपुरताच ठीक, ६० सेंटीमीटरसाठी नाही.

गवंड्याला तोंडी सांगून भागत नाही. १२० सेंटीमीटरची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी आडवी समपातळीत धरा आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजा. ते १० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी भरले पाहिजे. तुमच्या आत्ताच्या रॅम्पवर ते ३० भरेल. ही मोजणी कोबा ओला असतानाच, रॅम्पच्या तळाला, मध्ये आणि माथ्याला अशी तीन ठिकाणी करा. वरचा शेवटचा अर्धा मीटर दारात ‘जुळवून’ घेण्याच्या नादात हमखास तीव्र होतो.

पृष्ठभागावर खराट्याचा हात फिरवून तो खरबरीत ठेवा. गाड्यांच्या रॅम्पवर पाडतात तशा खोल आडव्या खाचा पाडू नका, त्यात खुर्चीची पुढची छोटी चाके अडकतात. गुळगुळीत कोटा किंवा ग्रॅनाइट नको, पावसाळ्यात त्यावर कुबड्या घसरतात. मोकळ्या कडेला ७ ते १० सेंटीमीटर उंच ओठ काढा. कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर (साधारण ७५ आणि ९० सेंटीमीटर), आणि रॅम्प संपल्यावरही ३० सेंटीमीटर पुढे गेलेला असावा. अंध व्यक्तीला उतार संपल्याचे त्यावरूनच हाताला कळते. दाराचा उंबरठा राहिला तर सगळे काम वाया जाते, १२ मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर काढून टाका. आणि तळाशी मोटारसायकली लागणार नाहीत यासाठी दोन खांब रोवा, मधली वाट किमान ९० सेंटीमीटर ठेवून.

कायदा तुम्हाला लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांच्या वापरात असलेल्या खासगी इमारतीही येतात. जुन्या इमारती सुगम (दिव्यांगांना वापरता येतील अशा) करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे केंद्राला बजावले.

पैसे देण्याआधी चाकाची खुर्ची रोज वापरणाऱ्या व्यक्तीला बोलावून, मदतीशिवाय चढून-उतरून पाहायला सांगा. आमच्या मते ठेकेदाराचे शेवटचे बिल या चाचणीवरच अडवावे.

प्रश्न : शाळेतल्या दिव्यांग स्वच्छतागृहाचे दार आत उघडते. खुर्ची आत गेली की दार लागत नाही.

उत्तर : बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारे करा, किंवा सरकते. मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर. आत दीड मीटर व्यासात खुर्ची वळली पाहिजे. कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर. आधाराचे दांडे विटांच्या भिंतीत खोल बसवा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साध्या स्क्रूवर लावलेला दांडा, माणूस वजन टाकतो त्याच क्षणी टाइलसकट उपटून येतो. मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत सोडा, पडलेल्या मुलाचा हात वर पोहोचत नाही. आणि तिथे झाडू-फिनाइल ठेवून कुलूप लावणे आजच थांबवा.

प्रश्न : माझा बौद्धिक दिव्यांग मुलगा १८ वर्षांचा झाला. बँक म्हणते, आता पालक म्हणून आईची सही चालणार नाही.
(एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आई-वडील नैसर्गिक पालक असतात ते १८ वर्षांपर्यंतच. त्यानंतर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत मिळते. अर्ज ‘नमुना अ’मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे. या समितीवर राष्ट्रीय न्यासाकडे (याच कायद्याखालच्या केंद्रीय संस्थेकडे) नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी असतो, म्हणून आधी त्या संस्थेत जा. कागद तपासून घेणे, बैठक कधी आहे ते कळणे, ही कामे तिथे होतात. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा दाखला, दोघांची ओळखपत्रे आणि पत्ता या सगळ्यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का, ते घरीच पाहा. त्याच संस्थेतून निरामय आरोग्य विम्याचा अर्जही करा, त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो.

प्रश्न : ग्रामपंचायत म्हणते, दिव्यांगांसाठी निधी नाही.

उत्तर : महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे (घरपट्टीसारख्या स्वतःच्या कमाईचे) ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ‘निधी नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘वेगळा काढलेला नाही’ असा असतो. माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. फक्त तीन गोष्टी मागा : गेल्या आर्थिक वर्षाचे स्वउत्पन्न, त्यातून राखून ठेवलेली ५ टक्के रक्कम, आणि ती कोणत्या कामावर खर्च झाली त्याच्या प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) प्रती. ‘का खर्च केला नाही’ असे विचारू नका. माहिती अधिकारात कारणे मिळत नाहीत, नोंदी मिळतात. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. आकडे हातात आले की ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का, ते सभा संपण्याआधी वाचून घ्या.